येळवशीचा लाल पडदा

आमच्या ऑफिसातल्या भिंतीवरचा पडदा लाल झाला की मला भूक लागते. एरवी वर्षभर तो लाल झाला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. कुठं टँकर अडकला, कुठं लाईट गेली, कुणाचं दूध नासलं, याच्या मागे लागावं लागतं. पण मार्गशीर्ष सरत येतो, बीदरच्या पठारावरचं वारं कानाला झोंबायला लागतं, बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग दिसू लागतात, आणि मग एखाद्या सकाळी पडदा हुमनाबादच्या बाजूनं लाल व्हायला सुरुवात होते. तेव्हा मी फोन उचलत नाही. खुर्चीत मागे रेलून बसते आणि माझ्या नाकात लसणाच्या आंबिलीचा वास येतो.

आज सकाळी तसंच झालं. उद्या येळवस आहे.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पंचांगात तिला वेळा अमावस्या म्हणतात, आमची कन्नड बोलणारी शेजारीण एळ्ळ अमावस्या म्हणते, आणि आम्ही सगळे मिळून त्या दिवशी रानात जेवतो. सगळे म्हणजे सगळे. गावात कुत्रं राहत नाही. बीदरच्या रस्त्यावर दुपारी उभं राहिलात तर आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. ज्याला शेत नाही त्याला दुसरा कुणीतरी हाताला धरून नेतो, आणि 'नको, घरी स्वयंपाक झालाय' हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे सोलून त्याची भज्जी करायची, बाजरीचे उंडे वळायचे, आणि मडक्यात आदल्या दिवशीपासून आंबवलेली आंबील. ज्वारीचं पीठ, ताक, ठेचलेला लसूण, जिरं. ती पितात कशी, हे विचारू नये. मडकं रिकामं झाल्यावरच कळतं की आपण किती प्यालो. हुरड्यात आलेल्या ज्वारीतून वारा येतो, करडईचे काटे पायाला ओरबाडतात, आणि पोट भरलेली माणसं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवी होतात.

आमचं गाव निर्णा, हुमनाबादच्या बाजूला. तांबड्या मुरमाची, तोंडाला पानं पुसणारी जमीन. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव गेले, अंगारे गेले, उपास गेले. मग येळवस आली आणि घरात मोठा वाद झाला. गावातले लोक त्या दिवशी कडब्याची खोप करून तिच्यात चुना लावलेले दगड मांडतात, त्यांना पांडव म्हणतात, त्यांची पूजा करतात. आपण जायचं की नाही? आजोबा म्हणाले, आपण आता ते सोडलं. आजी म्हणाली, मग लेकरांनी त्या दिवशी घरात कोंडून घ्यायचं का? वाद कित्येक दिवस चालला म्हणे. शेवटी माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ते तेव्हा कोवळ्या वयाचे होते, त्यांनी तोड काढली. "दगड सोडा. भज्जी कामून सोडायची? रान आपलं हाय, भूक आपली हाय." तेव्हापासून आम्ही येळवशीला रानात जातो, बोरीच्या झाडाखाली बसतो, त्रिशरण म्हणतो आणि जेवतो. आमच्या शेतात खोपही नसते आणि दगडही नसतात. काय ठेवायचं, काय टाकायचं, हे आमच्या घरानं भांडून भांडून ठरवलं. म्हणून निर्णय हा शब्द मला हलका वाटत नाही. आमच्यासाठी निर्णय घेणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि ते आम्हाला कधी विचारायला आले नव्हते.

आता ऑफिसचं सांगते. मी एका दूध उत्पादक कंपनीत काम करते. कंपनी शेतकऱ्यांचीच, भागधारक म्हणजे गोठ्यात शेण काढणाऱ्या बाया. कलबुर्गीला कॉम्प्युटरची पदवी घेतली तेव्हा मला बंगळूरला जायचं होतं, पण आले बीदरला, आणि आता इथंच मुरले. गावोगावी आमची संकलन केंद्रं आहेत. सकाळ-संध्याकाळ बाया दूध घेऊन येतात, केंद्रातलं यंत्र वजन आणि फॅट मोजतं, आकडा थेट आमच्याकडं येतो. काही केंद्रांत दूध गार ठेवणारी मोठी टाकी असते, तिला सगळे कूलर म्हणतात. कूलर आहे म्हणून संध्याकाळचं दूध टिकतं. ज्या गावात तो नाही तिथं संध्याकाळचं दूध गावातच कुणाच्या तरी गळ्यात मारावं लागतं, नाहीतर ते फाटतं.

काही वर्षांपूर्वी कंपनीनं एक यंत्रणा घेतली. कागदावर तिचं नाव निर्णय सहाय्य प्रणाली. आम्ही तिला बोर्ड म्हणतो, कारण ती भिंतीवर दिसते. नकाशावर प्रत्येक केंद्राचा एक ठिपका: हिरवा, पिवळा नाहीतर लाल. बाजूला एक चौकट, तिच्यावर लिहिलेलं, शिफारस. बोर्ड सगळ्या केंद्रांची एकमेकांशी तुलना करतो, कोण मागे पडतंय ते बघतो आणि त्या चौकटीत सांगतो की आता असं असं करावं. टँकर या रस्त्यानं न्यावा. या केंद्राला अमुक द्यावं. त्या केंद्राचं तमुक काढावं.

मला हा बोर्ड आवडला होता, आणि अजूनही आवडतो. यंत्र दिसलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. बोर्ड यायच्या आधी टँकर सकाळी कुठं पहिल्यांदा जायचा, ठाऊक आहे? ज्या संचालकाचा आवाज मोठा त्याच्या गावाला. औरादच्या टोकाच्या बाया उन्हात कॅन धरून बसायच्या आणि त्यांचं दूध आंबायचं. बोर्डानं पहिल्याच महिन्यात सांगितलं, टँकर टोकाकडून सुरू करा. संचालकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. पण आकड्यापुढं बोलणार काय? मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना भजी खाऊ घातली. ज्याला ना जात कळते, ना आडनाव, असा कुणीतरी निवाडा करायला बसलाय, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

आणि मग त्या वर्षाची येळवस आली.

पण त्याआधी महानंदाक्का सांगायला हवी. निर्ण्याचं केंद्र तीच चालवते. बसवण्णांना मानणाऱ्या घरातली, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आवाज असा की म्हशीनंसुद्धा दचकून पान्हा सोडावा. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, टँकरवाल्याशी दखनी, आणि तिन्ही भाषांत भांडण. बोर्ड यायच्या बऱ्याच आधी अक्कानं केंद्रात एक नियम केला. येळवशीच्या आदल्या दिवशीचं आणि येळवशीचं दूध कंपनीला द्यायचं नाही. सगळ्या बायांनी ते केंद्रातच आणायचं, मोठ्या पातेल्यांत विरजण लावायचं, तिथंच घुसळायचं आणि ताक गावातल्या प्रत्येक घराला वाटायचं. म्हैस असलेल्यालाही आणि नसलेल्यालाही. सगळ्या आळ्यांना.

हे सोपं झालं नाही. एकीनं म्हटलं, आळीगणिक वेगळं पातेलं ठेवू या, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं नको. अक्का पदर खोचून उभी राहिली. "एकच पातेलं, एकच पळी. ज्येला जमंना त्येनं घरी बसून पानी प्यावं." दोन-तीन घरांनी पहिल्या वर्षी दूध आणलं नाही. पुढच्या वर्षी आणलं. कुणी समजूत घातली नव्हती. ताक सगळ्यांच्या घरी गेलं आणि त्यांच्या घरी नाही, हे त्यांनाच सोसलं नाही.

हा नियम माझ्या जिवाला का लागतो, ते सांगितलं पाहिजे. अप्पा लहान असताना आमच्या घरी जनावर नव्हतं. येळवशीच्या आदल्या दिवशी आजी त्यांना भांडं देऊन मोठ्या घरी पाठवायची. अप्पा भिंतीपासून लांब उभे राहायचे. भांडं खाली ठेवायचं, मागं सरायचं, मग घरातलं कुणीतरी उंचावरून ताक ओतायचं, शिवाशिव नको म्हणून. निम्मं भांड्यात, निम्मं मातीत. एका वर्षी अप्पांनी भांडं खाली ठेवलंच नाही. हातात धरून उभे राहिले. ओतणाऱ्यानं ओतलं नाही. अप्पा रिकामं भांडं घेऊन घरी आले, आणि त्या वर्षी आमच्या घरी चिंचेच्या पाण्यात आंबील झाली. पुढं मोठे झाल्यावर त्यांनी पहिली कमाई म्हशीत घातली. ही गोष्ट ते दर येळवशीला, पहिली वाटी वाढताना सांगायचे. आम्ही भावंडं कंटाळून म्हणायचो, अप्पा, किती वेळा तेच. अप्पा हसायचे आणि तरीही सांगायचे.

अक्काच्या नियमाच्या पहिल्या वर्षी अप्पा स्वतः रांगेत जाऊन उभे राहिले. घरी म्हैस होती, ताकाची गरज नव्हती. मी शेजारी होते. अक्कानं त्यांच्या हातातलं भांडं ओढून आपल्या हातात घेतलं, काठोकाठ भरलं आणि परत त्यांच्या हातात दिलं. ताक दोघांच्या बोटांवरून सांडलं. अप्पांनी तिथंच, रांगेत, उभ्या उभ्या ते प्यायला सुरुवात केली. अक्का ओरडली, "वो अप्पा, घरला न्या की, लोकं खोळंबल्यात." अप्पा काही ऐकेनात. मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

तर बोर्डाच्या पहिल्या येळवशीला असं झालं की निर्ण्याच्या केंद्रात वर्षभरात कधी आलं नव्हतं एवढं दूध आलं, पण ते यंत्रावर चढलंच नाही, आणि बोर्डावर शून्य दिसलं. बाकी गावांतही दूध घटलं होतं. घरोघरी ताक लागतंच. पण थोडंफार येत होतं. निर्ण्याचा ठिपका मात्र लालभडक. दुसऱ्या दिवशीही तोच. बोर्ड आमच्याकडं नवा होता, त्यानं आमची एकही येळवस पाहिली नव्हती. आणि सगळ्यात मोठी मजा म्हणजे त्याला हे सांगायला ऑफिसात कुणीच नव्हतं. मी रानात, हिशेबनीस रानात, संचालक आपापल्या रानात. अख्ख्या जिल्ह्यात त्या दिवशी एकटा बोर्ड कामावर होता.

येळवशीनंतर ऑफिस उघडलं, तर चौकटीत शिफारस तयार होती. निर्णा केंद्राचा पुरवठा बेभरवशाचा. कूलर तिथून हलवावा आणि हायवेवरच्या दुसऱ्या गावी बसवावा. आमच्या मॅनेजरांनी मला हाक मारली. शिवराजअण्णा, भालकीकडचे, जुने, मवाळ, पण वरच्यांना घाबरणारे.

"सुजाताताई, निर्ण्याचं दूध कुठं गेलं वो? दोन दिस शून्य दाखवायलंय."

"तुमी कुठं होता अण्णा, दोन दिस?"

"मी? रानात. येळवस न्हवती का?"

"आंबील पिलात?"

"पोट फुटूस्तर पिलो की."

"मंग तिथंच गेलं दूध."

अण्णा खो-खो हसले. मग पडद्याकडं बघून हसू मावळलं. "पर ह्येला कसं सांगायचं वो?"

सांगायची एक सोय होती. ठिपका लाल झाला की बोर्ड कारण विचारतो, आणि कारणांची एक ठरलेली यादी समोर धरतो. जनावरांचा आजार. चाराटंचाई. रस्ता बंद. वीज नाही. यंत्र बिघडलं. यातलं एक कारण दाबलं की ते दिवस हिशेबातून गळतात आणि शिफारस आपोआप पुसली जाते. यादीत येळवस नव्हती. अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, "जनावरांचा आजार दाबून टाका. कूलर वाचतंय. कुणाचं काय जायलंय?"

खरं सांगते, माझं बोट त्या कारणावर गेलं होतं. एक बटण दाबायचं आणि भांडण मिटवायचं. पण हे दाबलं की निर्ण्याला जनावरांचे डॉक्टर जाणार होते, गोठ्यागोठ्यात सुया घेऊन. तेव्हा आधी अक्काला कळवावं म्हणून फोन लावला. कोणतं कारण दाबतेय ते सांगितलं.

"आमच्या म्हशींला रोग कामून लावायलीस गं?"

"अक्का, कूलर जाईल. हे दाबलं तर राहील. संध्याकाळचं दूध कुठं घालणार तुमी?"

"त्ये बगू. पर आमी काय चोरी केलो का? ताक वाटलो. त्ये सांगायला तुझ्या यंत्राला शरम वाटायली का?"

"त्यात ते लिहायला जागाच न्हाई, अक्का."

"मंग रिकामं ठिव. खोटं लिवू नको."

फोन ठेवला. मी कारणाची जागा रिकामी ठेवली. अण्णा डोक्याला हात लावून बसले.

महिनाअखेर संचालकांची बैठक झाली. शिफारस पडद्यावर मोठी करून दाखवली होती. अध्यक्ष म्हणाले, बोर्डाचं ऐकून टँकर फिरवला, फायदा झाला. आता कूलरच्या बाबतीतही ऐकू. माझं काम फक्त पडदा चालू-बंद करायचं होतं, बोलायचं नव्हतं. मी उठले. विचारलं, "येळवशीला तुम्ही सगळे कुठं होता?" एकानं म्हटलं अफजलपूरला सासरी, भीमेकाठच्या रानात. एकानं म्हटलं आपल्याच शेतात. एकजण तर म्हणाला, "कुठं असणार ताई? येळवशीला दुसरं कुठं असतंय का?" सगळे हसले. मी म्हटलं, "मग निर्ण्याच्या बायाही तिथंच होत्या. तुम्हाला कुणी बेभरवशाचं म्हटलं का?"

अध्यक्ष म्हणाले, "भावना समजतात मॅडम. पण कंपनी भावनेवर चालत नाही."

ही 'भावना' मी आयुष्यभर ऐकत आलेय. आपल्याजवळ नसलेली माहिती दुसऱ्यानं दिली की लोक तिला भावना म्हणतात. मी रागावले, आणि राग आला की माझा आवाज बारीक होतो. मी म्हटलं, "शिफारस बोर्डाची आहे, ठीक. पण खाली सही कुणाची आहे? जो सही करील त्यानं स्वतः निर्ण्याला यावं, बायांच्या समोर कूलरचे बोल्ट काढावेत, आणि कशासाठी काढतोय ते सांगावं. बोर्डाला तिथं पाठवता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी चला. मी बस धरून येते तुमच्याबरोबर."

कुणीच उठलं नाही. पेन अध्यक्षांच्या हातात तसंच राहिलं. यंत्र सल्ला देतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही, ते जेवढं दिसतं तेवढंच बोलतं. पण त्या सल्ल्याच्या आड उभं राहिलं की माणसाला आपला चेहरा लपवता येतो, आणि तो खेळ मला नवा नव्हता. ताक उंचावरून ओतणारेही म्हणायचेच, आमचं काही नाही बाबा, रीतच आहे.

शेवटी मधला मार्ग निघाला, म्हणजे कुणाचाच नाही असा. कूलर एक वर्ष राहील, देखरेखीखाली. पुढच्या येळवशीला पुन्हा शून्य दिसलं तर मात्र हलेल. हे निर्ण्याला कळवायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मी गेले. केंद्राच्या ओट्यावर बाया बसल्या होत्या, कूलर मागे घरघरत होता. मी अट सांगितली. सांगताना मलाच लाज वाटत होती. एकजण म्हणाली, थोडं दूध कंपनीला घालू, म्हणजे शून्य दिसणार नाही, बाकीचं ताक करू. मला ते पटलं. समंजसपणाचं वाटलं.

मग दुसरी एक बाई बोलली. ती आमच्याच आळीतली, तिच्या घरी जनावर नव्हतं. "मंग कुणाच्या घरचं ताक कमी करायचं? नाव सांगा."

बराच वेळ वाद झाला, चहा झाला, पुन्हा वाद झाला. कूलर गेला तर प्रत्येकीचं संध्याकाळचं दूध अडणार होतं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. शेवटी अक्का म्हणाली, "कूलर न्ह्यायचं आसंल तर न्ह्यू द्या. ताक कमी व्हनार न्हाई." आणि उठून कॅन विसळायला गेली. हा निर्णय घेताना एकीनंही स्वतःला दुसरीच्या मागे लपवलं नाही. मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून आले. मला भीतीही वाटत होती आणि ऊर भरूनही आला होता.

वर्ष गेलं. पुन्हा मार्गशीर्ष, पुन्हा तेच वारं. येळवशीच्या आदल्या सकाळी मी मुद्दाम ऑफिसला आले. निर्ण्याचा ठिपका ठरल्याप्रमाणं लाल झाला. मी तो बघत बसले होते, इतक्यात शेजारचा एक लाल झाला. मग त्याच्या शेजारचा. मला वाटलं नेटवर्क गेलं. मी एका केंद्रावर फोन लावला. तिथली बाई घाईत होती, मागे पातेल्यांचा आवाज येत होता. "आमीबी औंदा ताकच करायलोत. निर्ण्याचं कूलर न्ह्यायलेत म्हनं ताक वाटलं म्हनून? मंग आमचंबी न्ह्या की." आणि फोन बंद.

बातमी टँकरनं नेली होती. टँकरवाला निर्ण्याहून निघतो, प्रत्येक केंद्रावर थांबतो, आणि त्याला अक्काच्या तोंडून जे ऐकायला मिळतं ते तो कॅनबरोबर पुढं पोचवतो. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी निवेदन दिलं नाही. दुपारपर्यंत हुमनाबाद लाल, भालकी लाल, औराद लाल. अफजलपूरकडचे ठिपके जरा रेंगाळले, मग तेही लाल झाले. कुठं दूध वाटलं गेलं, कुठं नुसतं घरी ठेवलं, मला माहीत नाही. पण केंद्रांवर कुणीच आलं नव्हतं.

शिवराजअण्णा टोपी हातात घेऊन पडद्यासमोर उभे राहिले. "शिफारस काय म्हणायलंय, बगा वो."

मी चौकट बघितली. ती कोरी होती. बोर्ड केंद्रांची एकमेकांशी तुलना करतो, हे मी आधी सांगितलंय. सगळेच शून्यावर असतील तर मागे कोण पडलं? कुणाचा कूलर काढून कुणाला द्यायचा? त्याच्याकडं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काय न्हाई म्हणायलंय, अण्णा."

अण्णांनी टोपी डोक्यावर घातली. "मंग जावं का रानाला?" त्यांनी मलाच विचारलं, जणू मी त्यांची साहेब. मी हो म्हटलं. जाताना त्यांनी खोलीतले दिवे घालवले. पडद्याच्या उजेडात सगळी खोली लाल दिसत होती. मी निघणार तेवढ्यात यंत्रणा बनवणाऱ्यांचा बंगळूरहून फोन आला. मॅडम, तुमच्याकडे सिस्टीम बंद पडलीय का? मी म्हटलं, सिस्टीम चालू आहे, माणसं जेवायला गेलीत.

निर्ण्याचा कूलर अजून निर्ण्यातच आहे. ती अट कुणी मागे घेतली नाही, पण तिची आठवणही पुन्हा कुणी काढली नाही. एकाला लावायची तर सगळ्यांना लावावी लागली असती. पुढं त्या बंगळूरच्या पोरांनी कारणांच्या यादीत 'स्थानिक सण' असा एक पर्याय घातला. चांगली पोरं आहेत, आपुलकीनं केलं त्यांनी. तो दाबला की लाल ठिपके निमूट करडे होतात. अण्णा निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेला तरुण मॅनेजर दरवर्षी मला आठवण करतो, मॅडम, तो पर्याय दाबायचा राहिलाय.

मी दाबत नाही. रस्ता खचला, जनावरं आजारी पडली, वीज गेली, तर मी वर्षभर कारणं भरते; ते माझं काम आहे आणि मी ते चोख करते. पण येळवशीला करडं व्हायला काहीही बिघडलेलं नसतं. त्या दिवशी म्हशी धडधाकट असतात, रस्ते मोकळे असतात, दूध उतू जात असतं. ते कुठं जायचं हे त्या दूध काढणाऱ्या बायांनी ठरवलेलं असतं. त्याचा खुलासा मी देणार नाही. दिसू दे लाल.

अप्पा आता रानापर्यंत चालू शकत नाहीत. गेल्या वर्षीपासून आम्ही त्यांना खुर्चीसकट नेतो, बोरीखाली बसवतो. ती ताकाची गोष्ट ते मध्येच विसरतात. मग आम्ही भावंडंच ती पुढं सांगतो, आणि आता कुणी कंटाळत नाही.

हे लिहीत असताना औरादही लाल झालं. मॅनेजर दारातून डोकावून गेला, त्याच्या हातात टोपली होती. मी कॉम्प्युटर बंद करायला घेतला तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं महानंदाक्का. मागे पातेल्यांचा खणखणाट.

"सुजा, काय म्हणायलंय गं तुझं यंत्र?"

"समदं लाल झालंय, अक्का."

"व्हऊ दे. भांडं घेऊन ये."